बसलेला वारा

आमच्या सालातिगा गावात शर्यत सुटली की सगळ्यात पुढं मोटरसायकलवरचा पोलीस असतो आणि सगळ्यात मागं अँब्युलन्स. त्या अँब्युलन्सच्या नाकासमोर जो धापा टाकत चाललेला दिसेल, तो पाक वारसितो. पाक म्हणजे बाबा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इथं सगळेच पाक म्हणतात, बायकोसुद्धा. पण गल्लीतल्या पळणाऱ्या टोळक्यानं त्याचं नाव ‘पायलट’ ठेवलं होतं. मंत्र्याच्या गाडीपुढं पायलट गाडी असते ना, तसा हा अँब्युलन्सपुढं.

आता दर वेळी तो शेवटचाच यायचा म्हटलं तर अन्याय होईल. कधी त्याच्यामागं नुकती बाळंतपणातून उठलेली एखादी बाई असायची, कधी पैज लावून आलेला कॉलेजातला जाड्या. एकदा तर चक्क मधोमध आला होता, पण त्या दिवशी निम्मे लोक वाट चुकले होते. विद्यापीठाच्या फाटकासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर मशीनपुढं उभा, आणि पहाटेची नमाज झाली की बूट घालून रस्त्यावर. वर्षानुवर्षं पळत होता, ना वेग वाढला ना पोट कमी झालं. लोक विचारायचे, “पाक, यातून मिळतं काय तुम्हाला?” तो म्हणायचा, “केळं मिळतं. शेवटी पोचलं तरी देतात.”

बरं चाललं होतं बिचाऱ्याचं. मग कुंचोरो गेला.

कुंचोरो टपाल खात्यातला, काटकुळा, टोळक्यात सगळ्यात वेगवान. वारसितो त्याला ‘मास’ म्हणायचा, म्हणजे दादा. त्यानंच याला पळण्याच्या नादी लावलं होतं. स्वतःची शर्यत संपवून, पदक गळ्यात अडकवून, केळं खाऊन तो रस्त्यानं उलटा चालत यायचा, वारसितोला गाठायचा आणि शेवटचा टप्पा त्याच्या बरोबरीनं पळायचा. “चल रे पायलट, अँब्युलन्सवाल्याला घरी जायचंय.” वारसितोला वाटेत कितीही दम लागला तरी, आता त्या वळणावरून मास येईल, एवढ्यावर तो रेटून न्यायचा.

एका रविवारी टेकडीवरून पळून घरी आला कुंचोरो आणि म्हणाला, अंगात वारा शिरलाय. यात कुणाला नवल वाटलं नाही. सर्दी असो, ताप असो, पोट फुगलेलं असो, आमच्याकडे सगळ्याचं मूळ एकच, अंगात शिरलेला वारा. आणि उपायही एकच. पालथं पडायचं, पाठीला बाम लावायचा आणि नाण्याच्या कडेनं खरवडून घ्यायचं. कण्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या तांबड्या रेघा उमटल्या की वारा निघाला. कुंचोरोनं बायकोकडून पाठ खरवडून घेतली, आल्याचा काढा प्याला, जरा पडतो म्हणाला. दुपारी जेवायला हाक मारली तर उठलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. गल्ली म्हणाली, बसलेला वारा. हा वारा शिरतो आणि निघत नाही, छातीत ठाण मांडून बसतो, आणि माणूस घेऊनच उठतो. सातव्या दिवशी त्याच्या घरी कुराणाच्या पठणाला सगळे चटईवर बसले होते, तेव्हा कुंचोरोची बायको पदराआड डोळे पुसत म्हणाली, “किती खरवडलं हो मी. रेघा फिक्याच. लाल झाल्याच नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

वारसितोच्या हातात चहाचा पेला होता. छातीत असं धस्स झालं की पेला चटईवर कलंडला. शेजारच्यानं पुसून घेतलं, पण याला ते कळलंही नाही. त्याच्या कानात एवढंच राहिलं, रेघा फिक्या.

त्या दिवसापासून माणूस घाबरला तो घाबरलाच. दुकानात उभा असला तरी एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर. ठोका चुकतोय का, जास्त पडतोय का. एकदा असाच मशीनवर हात टेकून नाडी ऐकत बसला आणि एका पोरीच्या प्रबंधात त्याच्या पंजाची प्रत गेली. ती हसत म्हणाली, “पाक, हे कितव्या प्रकरणात घालू?” एरवी तो दिवसभर हसला असता. त्या दिवशी पैसे घ्यायचे विसरला.

आणि मग मशिदीमागच्या चढावर खरंच काहीतरी झालं. पळताना छातीच्या मधोमध आवळल्यासारखं झालं, कुणी ओला टॉवेल पिळावा तसं. थांबला, कठड्यावर बसला, तेव्हा सुटलं. हातपाय मात्र गार. पुढच्या आठवड्यात त्याच चढावर पुन्हा. तो हॉस्पिटलात गेला नाही असं नाही. गेला. नंबर लावायच्या रांगेत आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच पोट सुटलेले लोक बघितले आणि पाचावर धारण बसली. आत गेलो तर काहीतरी निघणार, नाही गेलो तर निदान अजून काही निघालेलं नाही, असा हिशेब करून तो तसाच मागं फिरला. हा कसला हिशेब, असं तुम्ही म्हणाल. घाबरलेल्या माणसाचा असाच असतो.

मग पळणं तरी सोडायचं. तेही जमेना. घरी बसलं की छाती आणखी मोठ्यानं ऐकू यायची. आणि दुसरंही एक होतं, ते तो कुणाला सांगायचा नाही. आपण पळायचं थांबवलं की मास कुंचोरो खरोखरचा गेला, असं त्याला वाटायचं. म्हणून जीव मुठीत धरून रोज पळत होता, चढ आला की चालत होता.

त्याची बायको लासमी. तिला तो ‘बू’ म्हणायचा, म्हणजे आई. पोरं मोठी होऊन नोकरीला परगावी गेली तरी नावं तीच राहतात. लासमीचा सकाळी गेतुकचा धंदा. कसावा उकडायचा, नारळ नि गूळ घालून कुटायचा, वड्या कापायच्या आणि बाजाराच्या तोंडाशी बसायचं. कुटून कुटून तिच्या मनगटात बैलाचं बळ आलं होतं. नवऱ्याची एकही शर्यत तिनं बघितली नव्हती. “धंदा बुडवून तुमचं मागून पळणं बघायला येऊ?” असं म्हणायची आणि वर हसायची. कुंचोरो गेल्यापासून तिनं हे म्हणणं बंद केलं होतं.

तळ्याकाठची शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी वारसितो छातीवर बांधायचा नंबर घेऊन घरी आला, शर्ट काढला आणि चटईवर पालथा पडला.

“बू, पाठ खरवड.”

“कशाला? बरं वाटत नाही का?”

“वाटतंय. पण बघून घेऊ. लाल आलं तर उद्या पळतो. नाही आलं तर नाही.”

लासमीनं आजीकडून आलेलं जुनं तांब्याचं नाणं काढलं, जाड, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. बामाची डबी उघडली.

“लाल आलं?”

“अहो थांबा की. अजून बाम चोळतेय.”

नाणं मानेखालून खाली आलं. एकदा, दोनदा. बामाचा वास डोळ्यांत गेला. बाहेर कुणाची तरी कोंबडी कुडाला चोच मारत होती, तेवढाच आवाज.

“आलं का?”

नाणं त्याच जागेवरून पुन्हा गेलं, मग पुन्हा. माणसाला सगळं दिसतं, फक्त स्वतःची पाठ दिसत नाही, आणि आज त्याचा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या पाठीवर अडकला होता.

“बू, खरं सांग. लाल आलं का?”

“येतंय. हलू नका.”

“हळू कर. दुखतंय.”

“दुखलं तरच निघतो वारा.”

कसावा कुटताना लावते तसा जोर लावला तिनं. तो उशीत तोंड खुपसून पडला. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी ती धापा टाकत म्हणाली, “आलं. लालभडक. खोटं वाटत असेल तर आरसा आणा.”

आरसा कशाला आणतोय? त्याच्या अंगातून इतकं हलकं काहीतरी निघून गेलं की तो तिथंच झोपी गेला. लासमी मागच्या नळावर ते नाणं धूत बसली होती.

रविवारी उजाडताना शर्यत सुटली. सगळे भराभर पुढं गेले आणि थोड्याच वेळात रस्त्यावर वारसितो आणि त्याच्यामागं अँब्युलन्स, एवढेच उरले. एरवी हे त्याला आवडायचं. ड्रायव्हर खिडकीतून टोमणे मारायचा, हा उलट बोलायचा. आज त्या इंजिनाची घरघर त्याच्या मानगुटीवर बसली. गाडी जवळ आली की वाटे, याला काहीतरी कळलंय. लांब राहिली की वाटे, आता पडलो तर पोचणार कधी. पाठ लाल आली होती, लाल आली होती, असं तो मनाशी घोकत राहिला.

आणि तळ्याच्या बांधावर त्याची पाठ पेटली. आधी दोन खांद्यांच्या मध्ये, मग सगळीकडे. चढाव नव्हता, वेग नव्हता, तरीही आग, अशी की श्वास अर्ध्यावर अडकावा. बसलेला वारा छातीत बसतो आणि पाठीतून बोलतो, हे त्यानं सतरा जणांकडून ऐकलं होतं. डोळ्यांपुढं कुंचोरोच्या घरची ती चटई आली. त्याला लासमीला काहीतरी सांगायचं होतं, काय ते आठवेना. पाय आपोआप थांबले आणि तो बांधाच्या कठड्यावर बसला.

अँब्युलन्स थांबली. ड्रायव्हर ओरडला, “काय पायलट, आज पेट्रोल संपलं?” पण मागून उतरलेली नर्स, रेत्नो नावाची तरतरीत पोरगी, तिनं याचं तोंड बघितलं आणि धावत आली.

“काय होतंय, पाक?”

“वारा. पाठीत आलाय. बसलाय.”

तिनं शर्ट वर केला आणि गप्प झाली. तेवढ्या गप्प बसण्यात हा अर्धा मेला.

“पाक, ही पाठ कुणी सोलली?”

“लाल आहे ना?”

“लाल कसलं विचारता? कातडं निघालंय सगळं. त्यावर खारट घाम चाललाय. आग होईल नाही तर काय गार वाटेल?” मग तिनं त्याला गाडीत घेतलं, दंडाला पट्टा बांधला, छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली ती नीट बघितली. “आत्ता तरी ठीक दिसतंय. पण एवढ्यावर भागत नाही. याआधी छातीत कधी आवळलं होतं का?”

इतके दिवस कुणालाही न सांगितलेलं त्यानं त्या परक्या पोरीला सांगून टाकलं. चढ, कठडा, सगळं.

“मग मंगळवारी मोठ्या हॉस्पिटलात या. तिथं चालत्या पट्ट्यावर पळवून बघतात.”

“तिथंही पळायचंच?”

“हो. पण मागं अँब्युलन्स नसते. आज मात्र पळायचं नाही. गाडीतून चला.”

“चालत जातो, पोरी. फक्त चालत. तू बरोबर ये हवं तर.”

ती त्याच्या बरोबरीनं चालली, गाडी मागून रांगत आली. आग कातड्याची होती हे कळल्यावर माणसानं खूश व्हायला हवं. पण शंभर पावलं गेला असेल नसेल, वारसितोच्या डोक्यात दुसरंच उगवलं. लासमीनं इतका जोर का लावला? सहज लाल आलं असतं तर कातडं सोलायची वेळ का आली असती? म्हणजे रेघा फिक्या होत्या. कुंचोरोसारख्या. शेवटच्या वळणावर त्यानं सवयीनं मान वर केली. तिथून कुणी येत नव्हतं. हातात केळं पडलं, ते तसंच खिशात घालून तो घरी आला.

लासमी बाजाराला गेलीच नव्हती. वड्यांची परात झाकलेली तशीच, आणि ती दाराशी मोबाईल मांडीवर घेऊन बसलेली. त्याला चालत येताना बघून तिनं डोळे मिटून घेतले.

तो समोर बसला. “बू, रेघा फिक्या होत्या?”

तिनं मोबाईल खाली ठेवला.

“होत्या.”

“मग लाल आलं म्हणालीस ते?”

“आलंच की शेवटी.”

“ते रक्त होतं.”

“मला काय कळत होतं?” ती म्हणाली. “मी खरवडतेय आणि येईना. तुम्ही विचारताय, आलं का, आलं का. मला कुंचोरोची बायको दिसत होती समोर. फिक्या म्हणाले असते तर तुम्ही त्याच चटईवर भीतीनं मेला असता. म्हटलं, आणतेच. कुठं लपलाय तो वारा, खणून काढते.” मग आवाज उतरला. “आणि सकाळी तुम्ही गेलात, तेव्हापासून हा मोबाईल घेऊन बसलेय. वाजला तर उचलायचा की नाही, एवढंच ठरवत होते.”

वारसितोला रागवायचं होतं. पण त्यानं तिचे हात बघितले, कुटून कुटून घट्टे पडलेले ते हात. तो उठला, नाणं आणि बाम घेऊन आला.

“पालथी पड.”

“मला काय झालंय?”

“पड तर.”

त्यानं अगदी हलक्या हातानं नाणं फिरवलं, जेमतेम टेकवून. पहिल्याच रेघेला पाठ तांबडीलाल झाली. दुसरी रेघ तर जांभळी. इतके महिने ही बाई गप्प राहून किती घाबरली होती ते सगळं समोर उमटत गेलं, आणि वारसितोच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“लाल आलं का?” तिनं उशीत तोंड ठेवूनच विचारलं.

“पहिल्याच हाताला. मंगळवारी हॉस्पिटलात जाऊ. येशील?”

“धंदा?”

“बुडू दे एक दिवस.”

मंगळवारी त्याच रांगेत दोघं उभी राहिली. तो दोनदा मागं फिरायला निघाला, दोन्ही वेळा तिनं बाही धरली. आत त्याच्या छातीला तारा चिकटवल्या आणि त्या चालत्या पट्ट्यावर उभं केलं. लासमीला दाराशी उभं राहू दिलं होतं. पट्टा सुरू झाला, मग वेग वाढला, मग चढ आला. समोर भिंत, शेजारी पडदा, पडद्यावर आपलंच काळीज उड्या मारतंय, आणि तरुण डॉक्टर त्या पडद्याकडेच बघतोय. छातीत तोच ओला टॉवेल पिळायला लागला.

“काही होतंय का?” डॉक्टरनं विचारलं.

नाही म्हणावं असं फार वाटलं त्याला. दाराकडे बघितलं. लासमी पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या पायांवर होती.

“होतंय,” तो म्हणाला. “आवळतंय.”

पट्टा थांबला. त्याला झोपवलं, मग बसवलं, मग बाहेर बाकावर ताटकळवलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, हृदयाला रक्त नेणारी एक नळी अरुंद झालेली दिसतेय, आणखी एक तपासणी करून नक्की करू. गोळ्या आजपासून चालू. वेळेवर आलात. वाऱ्याबद्दल तो काही म्हणाला नाही, आणि यांनीही विचारलं नाही.

“आणि पळणं?” वारसितोनं विचारलं.

“आता काही महिने नुसतं चालायचं. मग मी सांगेन तेव्हा पळा, पण हळू.”

“डॉक्टर,” लासमी म्हणाली, “मी आज पहिल्यांदा बघितलं यांना पळताना. याहून हळू म्हणजे एका जागी उभंच राहावं लागेल.”

डॉक्टर हसला. वारसितोही हसला, आणि हसता हसता त्याचा हात आपोआप मनगटावर गेला.

पुढच्या वर्षी तळ्याकाठच्या शर्यतीत तो पुन्हा होता, डॉक्टरच्या परवानगीनं, खिशात गोळ्यांची डबी. भीती गेली होती म्हणाल तर मुळीच नाही. बांधावर आल्यावर मागं तीच घरघर. शेवटच्या वळणाजवळ त्यानं मान वर केली. समोरून कुणीतरी येत होतं. पायांत बाजारात घालायच्या चपला, एका हातात केळं, दुसऱ्यानं साडीसारखा गुंडाळलेला सारोंग वर धरलेला.

“चला,” लासमी म्हणाली, “अँब्युलन्सवाल्याला घरी जायचंय.”

तिनं केळं त्याच्या हातात दिलं आणि ती बरोबरीनं पळायला लागली, चपला फटाफट वाजवत. ड्रायव्हरनं कौतुकानं हॉर्न वाजवला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारपणी काय हे प्रेम, हातात हात घालून. पण तिनं हात धरलाच नव्हता. तिनं मनगट धरलं होतं, आणि शेवटच्या कमानीपर्यंत तिची बोटं त्याच्या नाडीवरून हलली नाहीत.